बिनआवाजाची गाडी

लॉर्ना टॉलेफसनने शोरूमच्या आवारात आपली लाल गाडी लावली, किल्ली काढली आणि सरळ पँटच्या खिशात घातली. वरून हात फिरवून खात्रीही केली. नवी गाडी बघायला गेलं की विक्रेता आधी जुनीची किल्ली मागतो, हे विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ‘तुम्ही नवी फिरवून या, तोवर आमचा माणूस जुनीची किंमत काढतो,’ असं म्हणून किल्ली एकदा आत गेली की लवकर बाहेर येत नाही. मग नवी गाडी कितीही टाकाऊ निघो, माणूस जाणार कुठे? बसतो बापडा त्यांची पुचाट कॉफी पीत, आणि शेवटी कंटाळून सही करतो.

शेजारच्या सीटवरून तिचा नवरा मार्व्ह दोन्ही हातांनी दार धरून बाहेर आला. त्याचा चेहरा पिवळा पडला होता.

"वळणावर जरा हळू घेतलं असतंस तर नाक कापलं गेलं असतं का तुझं?"

"हळूच घेतलं. तुझं पोटच नाजूक आहे."

लॉर्नाने उभी हयात याच डोंगरांमधून शाळेची बस हाकली होती, आणि बसमध्ये तुंबलेली हौस रविवारी या लाल गाडीत फेडली होती. चर्च आटोपलं की क्लबची माणसं जुन्या धावपट्टीवर रबरी शंकू मांडून वेळेच्या शर्यती लावत. त्यातले भलेभले तरुण तिच्यामागे धूळ खात. दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी. गिअर हाताने टाकायचा, क्लच पायाने दाबायचा आणि इंजिन काय म्हणतंय ते कानाने ऐकायचं, यालाच ती गाडी चालवणं म्हणे. बाकीचं सगळं तिच्या लेखी सोफ्यावर बसणं होतं.

पण मागच्या वर्षी डावा गुडघा बदलावा लागला. आत धातूचा सांधा बसला आणि क्लच दाबताना कळ मस्तकात जायला लागली. त्यातच मार्व्हची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी त्याचं स्टिअरिंग कायमचं सोडवलं. आता दवाखाना, बाजार, शुक्रवारचं मासे खायला जाणं, सगळी ने-आण लॉर्नाची, आणि तीही या लाल डबड्यातून. मार्व्ह दर फेरीला पोट धरून उतरे. हिवाळाभर त्याने हायब्रीड गाडीची भुणभुण लावली होती. अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर, क्लच नाही, गिअर नाही. शेवटी लॉर्नाने कबूल केलं, पण अट घालून. एकदा चालवून बघेन. नाही आवडली तर तू हा विषय मरेपर्यंत काढायचा नाहीस. आणि आवडली तरी लाल गाडी बदल्यात द्यायची नाही. मार्व्हने मान डोलावली होती. खोटं सांगून मोकळी होईल ही भीती त्याला नव्हती. गाडीच्या बाबतीत लॉर्ना कधी खोटं बोलत नसे.

विक्रेता कोल्टन टाय सावरत आला आणि त्याने थेट मार्व्हशी हात मिळवला.

"सर, ही तुम्हाला आवडणारच. पेट्रोल पीत नाही हो ही, नुसता वास घेते."

"त्याला दिसत नाही," लॉर्ना म्हणाली. "चालवणार मी आहे. माझ्याशी बोल."

"हो मॅम. तुमच्या गाडीची किल्ली दिलीत तर आमचा रिक तोवर—"

"मिळणार नाही. ती विकायची नाही."

मार्व्ह खाकरला. "तू सीट, आरसे जुळवून घे. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून येतो."

वाट दाखवायला कोल्टन त्याच्यासोबत गेला आणि लॉर्ना आरशांमध्ये गुंतली. मार्व्हला आत बराच वेळ लागला, पण पोट बिघडलेल्या माणसाला लागतोच, असं तिला वाटलं. तो येऊन मागे बसला, कोल्टन पुढे बसला. तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बंद आहे."

"सुरू झालीय मॅम. ते हिरवं चिन्ह आलंय बघा."

"म्हणजे गाडी जिवंत आहे की मेली, हे आता चिन्ह बघून कळायचं? उद्या नवऱ्यालाही एक बसवून द्या."

कोल्टन हसला. मार्व्ह हसला नाही. एरवी हे विक्रेते हमरस्त्यावर एक चक्कर मारून माणसाला परत आणतात, हा मात्र म्हणाला, "डोंगरावरून घ्या ना. हवा तेवढा वेळ घ्या." लॉर्नाला नवल वाटलं, पण वळणांचं आमंत्रण ती नाकारणार थोडीच.

पहिले काही मैल तिने गाडीला नुसत्या शिव्या घातल्या. स्टिअरिंग लोण्यात फिरतंय. ब्रेक म्हणजे मेलेला मासा, दाबला तर काही बोलतच नाही. इंजिन मधेच जागं होतं, मधेच झोपतं, कुणाला विचारून? कोल्टन प्रत्येकाला उत्तर देत होता आणि ती प्रत्येक उत्तर तोडत होती. मागून मार्व्ह म्हणाला, "पण पोटात ढवळत नाहीये." तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग कड्यावरून रस्ता दरीत उतरला. आंधळ्या वळणापलीकडे मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांची काळी घोडागाडी निवांत चालली होती. लॉर्नाच्या अंगातली सवय मेंदूच्या आधी धावली. गिअर उतरवायला उजवा हात गेला तो हवेत, आणि क्लच दाबायला डावा पाय गेला तो ब्रेकवर. या गाड्यांचा ब्रेक चांगला रुंद असतो, डाव्या पायालाही पुरतो. क्लचच्या सवयीचा पाय काय हलकेच पडणार? गाडी जागच्या जागी नाक घासून उभी राहिली. कोल्टनचा फोन काचेवर आपटला, मार्व्हचं कपाळ पुढच्या सीटवर. घोडागाडीतल्या दाढीवाल्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तुझं डोकं गुडघ्यात आहे हे मला लग्नापासून माहीत आहे," मार्व्ह कपाळ चोळत म्हणाला. "आता गुडघाही बदलून झाला. डोकं तेवढं राहिलं."

"उतरून चालत ये मग."

"जिला दोन पेडलं सांभाळत नाहीत ती तीन पेडलांचा तोरा मिरवते!"

लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने डावा पाय मुडपून सीटखाली घातला, वाट्टेल ते झालं तरी बाहेर काढायचा नाही असं ठरवून, आणि समोरच्या चढावर उजवा पाय पूर्ण दाबला.

गाडी सुटली. इंजिनाच्या आधी वीज धावून आली आणि पाठीला तो धक्का बसला, जो लाल गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन किंचाळायला लागल्यावर कुठे मिळे. पहिलं वळण तिने रागाने घेतलं. दुसरं घेताना राग कमी पडला. तळातली बॅटरीच वजन खाली धरून ठेवत असावी. गाडी झुकत नव्हती, चिकटून वळत होती. चौथ्या-पाचव्या वळणाला लॉर्नाच्या ध्यानात आलं की आपण दात विचकून हसतोय. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. गुडघा दुखत नव्हता. किती महिन्यांत पहिल्यांदा तिने दुखण्याचा विचार न करता वळण घेतलं होतं.

गाडी तिला आवडली. याचा तिला फार संताप आला. एखाद्या नावडत्या सुनेच्या हातचं कालवण चविष्ट लागावं तसं झालं. परतताना ती मनातल्या मनात वाटणी करत होती. रोजच्या धबडग्याला ही घ्यावी. लाल फक्त रविवारी. आणि गुडघ्याने अगदीच हात टेकले की क्लबातल्या त्या बर्गिटला द्यावी. पोरगी शंकू उडवते खरी, पण हात चांगला आहे तिचा. तिला शेजारी बसवून, दोन शिव्या देऊन, आपल्या हाताने किल्ली द्यावी.

शोरूमच्या आवारात गाडी थांबवून तिने एकदाचं तोंड उघडलं. "मार्व्ह, गाडी चांगली आहे."

मार्व्हने आनंदाने टाळी वाजवायला हवी होती. तो खाली बघत राहिला. लॉर्नाने बाहेर पाहिलं. लाल गाडी जिथे लावली होती तिथे नव्हती.

वास तिला आधी आला. क्लच जळल्याचा तो कडू वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. गॅरेजमागच्या चढावर तिची गाडी आडवी उभी होती आणि शेजारी रिक, गाड्यांची किंमत काढणारा, टोपी हातात घेऊन उभा होता. नव्या पोरांना हाताचा गिअर येत नाही हे ती क्लबात हसत हसत सांगायची. आता हसू कुठून येणार?

"चढावर सुटेना मॅम," रिक म्हणाला. "मी थोडा जोर दिला. मग पेडल जे खाली गेलं ते वर आलंच नाही."

"तुला हा गिअर येतो?"

"काकांच्या ट्रॅक्टरवर एकदा…"

"किल्ली कुणी दिली?"

रिकने हात पुढे केला. त्याच्या बोटातून किल्ली लोंबत होती, आणि किल्लीला मार्व्ह पूर्वी काम करी त्या डेअरीची निळी फीत होती. घरी मागच्या दाराच्या खिळ्यावर टांगलेली असते ती, दुसरी किल्ली. लॉर्नाचा हात आपोआप आपल्या खिशावर गेला. पहिली तिथेच होती. केवढी जपली होती तिने!

"किंमत तरी कळेल म्हटलं," मार्व्ह मागून म्हणाला. "आणि तुला ही आवडलीच, तर तुझा विचार बदलायच्या आत आजच उरकून—"

"म्हणून डोंगरावरून पाठवलंत."

कोल्टनने टाय सावरला. "मॅम, सरांनीच सांगितलं की जरा वेळ काढा…"

लॉर्ना ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिथल्या तिघांनाही वाटलं. ती कोल्टनकडे वळली. "नवा क्लच बसवायचा. तुमच्या खर्चाने. बसवणारा हाताचा गिअर जाणणारा असेल, आणि तो आधी माझ्यासमोर चालवून दाखवेल. तोवर ही बिनआवाजाची गाडी माझ्याकडे राहील. कळलं?"

"हो मॅम."

मार्व्ह पुढचं दार चाचपायला लागला. "मागे," ती म्हणाली.

तो मागे बसला. गावाबाहेर रस्त्याचं काम चालू होतं. तिथली माणसं म्हणतात, आमच्याकडे ऋतू दोनच, एक बर्फाचा आणि एक रस्ते खणण्याचा. एकच बाजू उघडी होती आणि तात्पुरता सिग्नल लाल होता. तो बराच वेळ लाल राहतो. लॉर्नाने गाडी थांबवली आणि इंजिन आपलं आपण बंद पडलं.

इतकी शांतता त्या दोघांच्या संसारात कधी आली नव्हती. लाल गाडीत भांडायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून दोघंही थकत. इथे मार्व्हचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"एप्रिलमध्ये. चीज फॅक्टरीच्या तिठ्यावर. त्या दिवशी शेजारचा एल्डन मला दवाखान्यातून आणत होता, आम्ही तुझ्या मागे होतो. तू थांबली होतीस. तुझा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी उडी मारून रस्त्यात गेली. दुधाचा टँकर…" तो थांबला. "डोळे गेले असले तरी लाल रंग दिसतो मला, लॉर्ना."

ते कुणी पाहिलं नाही असं समजून लॉर्ना जगत होती. त्या रात्री ती जेवली नव्हती, आणि काही बाधलं असेल असं त्याला सांगितलं होतं.

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

"नाही. भांडले असते. आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते. आणि मग बर्गिटला बोलावून गाडी दिली असती. मी दिली असती, मार्व्ह. माझ्या हाताने."

"अजून देता येईल की."

"आता नाही." तिचा आवाज चढला नाही. "क्लच बसला की मी ती घरी आणणार. तू सकाळी कॉफी पीत बसतोस ना, त्या खिडकीसमोर लावणार. चालवणार नाही. विकणारही नाही. पाऊस खाईल, बर्फ खाईल, सडेल जागेवर. लाल रंग दिसतो ना तुला? बघत बस."

सिग्नल हिरवा झाला. गाडी आवाज न करता निघाली, आणि मागच्या सीटवर मार्व्ह रडत होता, ते तिला घरापर्यंत ऐकावं लागलं.