अकरा वीसची आगगाडी

मौजमळ्यात एकूण चौदा खेळ होते. पाच मोठ्यांचे, सहा लहानांचे, तीन पाण्याचे. बऱ्यापैकी सावली पाच ठिकाणी होती, त्यातली एक दुपारी दोननंतरच पडायची. प्यायच्या पाण्याचे नळ चार, चालू तीन. गोल झोक्याच्या दारात एकशे दहा सेंटिमीटरवर लाल पट्टी मारलेली होती. यज्ञेश त्या पट्टीहून दोन सेंटिमीटर उंच होता आणि साक्षी आठ सेंटिमीटर बुटकी.

जानेवारीत क्लासच्या पोरांची सहल नांदेडच्या अलीकडच्या या बागेत गेली होती, तेव्हाच देविकानं हे सगळं मोजून ठेवलं होतं. पोरं पाण्यात दंगा करत होती आणि त्यांना फिजिक्स शिकवणारी ही बाई वही घेऊन पाळण्यात किती बसतात, फेरी किती मिनिटांची, रांग किती वेळात सरकते, हे लिहीत बसली होती. कुणाला ते वेड वाटलं असतं. घरच्यांना त्यात नवल नव्हतं. लातूरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मेडिकलच्या तयारीला आलेली अकरा पोरं राहायची आणि न्हाणीघरं होती दोन. सकाळी साडेसहाच्या क्लासला सगळी वेळेवर पोचायची ती देविकानं लावून दिलेल्या पाळ्यांमुळे.

त्यामुळे मे महिन्यात लेकरांना मौजमळा दाखवायचं ठरलं तेव्हा तिचा मोठा भाऊ उद्धवदादा म्हणाला, "देवू, तूच आखणी कर. आम्ही नुसतं तुझ्या मागं मागं चालतो."

तिनं आलेखाच्या वहीचं एक पान घेतलं. आत शिरलेली माणसं उजवीकडच्या मोठ्या चक्राकडे धावतात, म्हणून आपण डावीकडून सुरुवात करायची. सहलींच्या बसा साडेदहाला येतात, त्याआधी लहानांचे तीन खेळ उरकायचे. ऊन चढलं की सावलीतलं काही. पाणी सगळ्यात शेवटी, म्हणजे ओली लेकरं घेऊन हिंडायला नको. दादाचा सहा वर्षांचा यज्ञेश आणि चार वर्षांची साक्षी न रडता किती वेळ उभे राहतात हेही तिनं धरलं होतं. यज्ञेश चौदा मिनिटं, साक्षी नऊ.

हे सगळं ती आनंदानं करत होती आणि त्याला कारणही होतं. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलं होतं. दोन ऑगस्टला हजर व्हायचं, पाच वर्षं पीएचडी. लेकरांबरोबरचा हा शेवटचा उन्हाळा. मधे एकच खोडा होता. राजश्रीवहिनीनं नायगावचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलगा नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात, घरी शेती, माणसं चांगली. एकदा बघण्याचा कार्यक्रम झाला आणि त्यांचा होकार आला की मग 'न्हाई' म्हणायला घरात कुणाचीच जीभ उचलणार नाही, हे देविकाला पक्कं ठाऊक होतं.

सहल गुरुवारची. त्याआधीच्या सोमवारी जेवताना तिनं विषय काढला.

"दादा, वहिनी परत त्या नायगाववाल्यांचं बोलून राहिली."

"बोलू दे तिला. पीएचडी होईस्तोवर तुला कुणी बघायला येणार न्हाई. मी हाय ना." शेजारी आमटीभात चिवडत बसलेल्या साक्षीच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला. "हिची शपथ."

नेमकी तेव्हाच रोजच्यासारखी साडेआठची लाइट गेली. अंधारात वहिनीचं ताट सरकल्याचा आवाज आला.

देविकाला दादाचा तेवढा शब्द पुरला. भूकंपात किल्लारीकडच्या त्यांच्या गावात आई-वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि दादा तेवीसचा. पत्र्याच्या शेडमधे त्यानं तिच्याकडून पाढे घोकून घेतले, लातूरला आणलं, शिकवलं, स्वतः केमिस्ट्रीच्या तीन तीन बॅचेस घेऊन तिची फी भरली. ती प्रत्येक गोष्ट मोजायची, पण दादाचा शब्द मोजायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे साडेपाचला जीप निघाली. वहिनीनं हट्टानं तिला नवा निळा ड्रेस घालायला लावला होता.

"वहिनी, पाण्यात जायचंय. जुना बरा होता."

"फोटो काढायचेत की. लेकरांजवळ उद्या हेच राहतील." वहिनीनं तिची वेणीही स्वतः घातली.

दादाचं तर भलतंच चाललं होतं. एरवी बाजारात दहा पावलं चालला की रसाच्या गाड्यावर टेकणारा माणूस, पण बागेत शिरल्यापासून घड्याळ बघत होता. "आता बदकं ना? नऊ पन्नास. मग साडेदहाला घोडे. बरोबर?"

"बरोबर," देविका म्हणाली. तिला बरं वाटलं. दादाला अखेर तिच्या कामात गोडी वाटायला लागली होती.

बदकांच्या होड्यांपाशी तिला पहिल्यांदा ती माणसं दिसली. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी, जांभळ्या साडीतली एक बाई आणि छत्री धरलेला एक तरुण. बरोबर लेकरू एकही नव्हतं. साडेदहाला घोड्यांपाशी पुन्हा तीच तिघं. अकराला भुताच्या गुहेपाशी पुन्हा तीच. देविकाला आश्चर्य वाटलं आणि मग चक्क आनंद झाला. चौदा खेळांतून हाच क्रम, याच वेळा आपसूक जुळणं जवळजवळ अशक्य. म्हणजे या बागेत आणखी कुणीतरी डोकं चालवलं होतं आणि त्याचं उत्तर तिच्या उत्तराशी जुळत होतं.

"दादा, ते लोक बघ. त्यांनीही डावीकडून सुरू केलंय. विचारू का त्यांना, कसं काढलं म्हणून?"

दादाला ठसका लागला. "कशाला उगी अनोळखी लोकांना. चल, पुढं चल."

"ओढणी नीट घे, देविका," वहिनी म्हणाली.

अकरा वीसला देविकानं लेकरांना आरसेमहालाकडे वळवलं. दादा जागीच थांबला.

"आता आगगाडी नव्हती का?"

"ती तीन दहाला. रविवारी मी फोन केला होता इथं. उन्हामुळं आगगाडी तीननंतरच सोडतात म्हणाले. मग बदललं."

"मला न्हाई सांगितलंस ते."

"तुला काय फरक पडतो? तू तर मागं मागं चालणार होतास."

दादानं खिशातून मोबाइल काढला आणि हात उंच करून रेंज शोधत राहिला. यज्ञेशनं त्याचा सदरा ओढला. "पप्पा, चला ना, आरशात तुमचं पोट लई मोठं दिसतंय!" तो आत आला, पण सारखा दाराकडे बघत होता. आरशांमधे पाच-सहा दादा एकदम घाम पुसत होते.

साडेबाराला लिंबाखाली डबे उघडले. साक्षीच्या तोंडात पहिला घास जातो न जातो तोच हिरव्या लुगड्यातली म्हातारी तरातरा चालत आली आणि कमरेवर हात ठेवून देविकापुढं उभी राहिली.

"काय ग पोरी? अकरा वीसला तू आगगाडीपाशी येणार व्हतीस न्हवं? आमी तासभर उन्हात बसलो तिथं. गाडी बी न्हाई अन् तू बी न्हाई!"

देविकाला वाटलं, बाईंची काहीतरी गफलत झाली. "आजी, तुम्ही कुणाला शोधताय?"

"तुलाच की. देविका न्हवंस का तू? निळा डिरेस, संगं दोन लेकरं, घडी घडी घड्याळ बघती. समदं बराबर हाय." तिनं पिशवीतून चौघडी कागद काढला. "मला वाचाया येत न्हाई, पन नातवानं वाचून दावलंय. सकाळधरनं तीन जागी बराबर घावलीस, मंग चौथ्या जागी काय झालं तुला?"

मागून जांभळ्या साडीतली बाई धावत आली. "आत्याबाई, चला बघू तुम्ही! लांबनंच बघायचं ठरलं व्हतं ना आपलं!"

"लांबनं बघाया दिसली तर पायजे ना, प्रेमला!"

देविकानं हात पुढं केला. म्हातारीनं कागद दिला. आलेखाच्या वहीच्या पानाची झेरॉक्स होती. तिचंच अक्षर, तिचेच बाण, कडेला लेकरांची मिनिटं: चौदा, नऊ. खाली वेगळ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'निळा ड्रेस असेल.' ते अक्षर वहिनीचं.

दादा डब्याचं झाकण लावत होता, काढत होता.

छत्रीवाला तरुण येऊन पोचला. त्याचा चेहरा उन्हानं आधीच लाल झाला होता. "मी अंबरीश," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असंल असं वाटलं मला. सर म्हणाले, तिची हरकत न्हाई, फक्त समोर बसून चहा द्यायला लाजते."

"मी ऑगस्टमधे हैदराबादला चालले आहे," देविका म्हणाली. "पाच वर्षांसाठी. माझी हरकत आहे."

प्रेमलाबाई दादाकडे वळल्या. "सर, तुम्ही तर म्हणालात, हैदराबादचं रद्द झालं म्हणून."

"झालं न्हवतं, म्हणजे होणार..." दादाचं वाक्य तिथंच राहिलं.

म्हातारीनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळा उलगडा झाल्यावर तिनं दादाला नीट न्याहाळलं. "मास्तर, बाजारात म्हशीला बी समोरून बघत्यात. झाडाआडून न्हाई." मग देविकाच्या गालावरून हात फिरवला. "पोरगी बेस हाय. पन आमाला नगं असलं. चल अंबरीश, उघड छत्री."

"हा कागद मी ठेवू?" देविकानं विचारलं.

"तुमचाच आहे," अंबरीश म्हणाला. जाताना तो "माफ करा" असंही म्हणाला. सकाळपासून तो शब्द एकट्या त्यानंच उच्चारला होता.

ती माणसं दिसेनाशी झाल्यावर यज्ञेशनं तोंड उघडलं. "पप्पा, आता आत्याला कळलं. मग मला दोन आइस्क्रीम मिळणार का न्हाई?"

देविका त्याच्याकडे वळली. "कसली आइस्क्रीम रे?"

"पप्पा म्हणले, जांभळ्या साडीवाल्या काकू दिसल्या तर आत्याला सांगायचं न्हाई. मंग दोन. मी न्हाई सांगितलं. साक्षीनं बी न्हाई सांगितलं."

साक्षीनं अभिमानानं मान हलवली.

वहिनीनं डबे आवरायला घेतले. "वाईट काय केलं आम्ही? नुसतं बघूनच तर जाणार होते," ती डब्यांना उद्देशून म्हणाली. "उद्या कुणी विचारत न्हाई म्हणशील, तेव्हा आठवेल." देविका तिच्यावर चिडलीही नाही. वहिनीनं कधी शब्द दिला नव्हता.

लेकरांचा दिवस मोडायचा नाही असं देविकानं ठरवलं. तीन दहाला तिनं त्यांना आगगाडीत बसवलं, चार वाजता पाण्यावर नेलं. वहिनी लेकरांबरोबर लाटांमधे उतरली तेव्हा दादा येऊन देविकाशेजारी पायरीवर बसला. दोघांमधे त्यानं एका माणसाची जागा सोडली होती.

"देवू, तू एकदा गेलीस की परत यायची न्हाईस. सत्तावीस वर्षांची होशील तिथं. आई-बाबा न्हाईत. लोक कुणाला विचारतील? मलाच ना?"

देविकानं विचारलं, "कागद कधी दिलास?"

"काल. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला, न्हाई म्हणता येईना. एकदम ऐन वेळी ठरलं."

"सोमवारी मला शब्द दिलास, तेव्हा हे मनात नव्हतं?"

"न्हाई ग. कसं असंल?" त्याचा हात आपसूक उचलला गेला, पण साक्षी दूर पाण्यात होती. तो हात त्यानं गुडघ्यावर ठेवला. "तिची शपथ घेतली ना मी. खरंच न्हाई."

"दोन ऑगस्टला मी एकटी जाईन, दादा. सोडायला येऊ नकोस."

"असं कसं? सामान केवढं असंल..."

"येऊ नकोस."

तो उठून लेकरांचे टॉवेल घेऊन पाण्याकडे गेला.

देविकानं कागद गुडघ्यावर पसरला. झेरॉक्सवर अकरा वीसच्या चौकोनात 'आगगाडी' असं स्वच्छ लिहिलेलं होतं, कुठं रेघ नव्हती. मूळ पान तिनं शनिवारी संध्याकाळी पुरं केलं होतं आणि "बघू दे जरा" म्हणून दादानं तेव्हा ते नेलं होतं, रात्री परत टेबलावर आणून ठेवलं होतं. रविवारी बागेचं ऑफिस सकाळी दहाला उघडतं. उघडल्या उघडल्या तिनं फोन केला आणि फोन कानाला असतानाच त्याच पानावर 'आगगाडी' लाल शाईनं खोडून 'आरसेमहाल' लिहिलं. त्यानंतर कुणीही झेरॉक्स काढली असती तर तिच्यावर ती खोडाखोड उतरली असती.

तिनं पर्समधून पेन्सिल काढली आणि कागदाच्या मागे लिहिलं:

झेरॉक्स: रविवार सकाळी दहाच्या आधी.
शब्द: सोमवार रात्री साडेआठ.
फरक: किमान साडेचौतीस तास.