तेरा तारखेची संध्याकाळ

“ह्यातला खरा कुठला, तेवढं सांगा,” असं म्हणत आजींनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही कागद एकाच रुग्णालयाचे आणि एकाच माणसाचे होते. नाव तेच, वय ब्याऐंशी तेच, खाली डॉक्टरांचं नाव तेच. फक्त मृत्यूची तारीख एकावर चौदा डिसेंबर होती आणि दुसऱ्यावर तेरा.

“चौदावाला मी दवाखान्यातून आणला. तेरावाला माझ्या मुलाने तिकडे परदेशात, त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर काढला नि मला पाठवला. दवाखान्यात म्हणाले, आमचं बरोबर आहे, तुम्ही कॉम्प्युटरवाल्यांना विचारा. म्हणून आले. तीन जिने चढून.”

“अहो, लिफ्ट आहे की आजी.”

“आहे ना. ‘बंद आहे’ अशी पाटी लावलेली.”

समोर बसलेल्या बाईंना ऑफिसात सगळे ताई म्हणत, आणि पाठीमागे कॅलेंडरताई. ही कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करायची आणि ताईंना तिथे बावीस वर्षं झाली होती. त्यातली बहुतेक तारखांमध्ये गेली. कुठे आधी दिवस लिहितात, कुठे आधी महिना. एकाचा तीन एप्रिल तो दुसऱ्याचा चार मार्च. इथे दुपार असते तेव्हा आणखी कुठे लोक अंथरुणात असतात. हे सगळं निस्तरणारी एकच फाईल होती आणि ती ताईंची. नवी मुलं तिला हात लावायला घाबरत. घरी यजमान म्हणत, “हिला लग्नाची तारीख विचारा, आधी विचारेल, कुठल्या देशातली?”

पण आज थट्टा सुचावी असं काही नव्हतं. तेराचा आकडा बघितल्याबरोबर ताईंना आपली जुनी फाईल आठवली. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. त्यांनी फाईल उघडली, खाली खाली गेल्या, आणि ती ओळ सापडली. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेली टीप होती: ‘जन्मतारखेसारखंच इथेही करायचं आहे. नंतर बघू.’ खाली त्यांचीच आद्याक्षरं.

चूक सांगायला सोपी होती. रुग्णालयाच्या फॉर्मवर मृत्यूची फक्त तारीख भरतात, वेळ नाही. कॉम्प्युटरला मात्र नुसती तारीख पचत नाही, म्हणून तो स्वतःच त्या दिवसाची मध्यरात्र गृहीत धरतो. चौदा डिसेंबर म्हणजे तेरा संपून चौदा लागते ते रात्रीचे बारा. तोच कागद साडेआठ तास मागे असलेल्या देशात उघडला, की तो इमानेइतबारे साडेआठ तास वजा करतो आणि तिथली तारीख छापतो. तेरा डिसेंबर, दुपारचे साडेतीन. मग वेळ गाळून नुसतं ‘तेरा’ दाखवतो. जन्मतारखांचं हे दुखणं ताईंनी केव्हाच बरं केलं होतं. मृत्यूच्या तारखेचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. गेलेल्या माणसाचा कागद इतक्या लांबून कोण उघडून बघणार, असं तेव्हा वाटलं होतं.

“आजी, चौदाच खरी. तेरा ही आमची चूक. मी दुरुस्त करते.”

“चौदा हे मला माहीतच आहे हो,” आजी म्हणाल्या. “सकाळी सव्वाअकराला गेले, माझा हात हातात होता. मला कशाला हवाय कागद? त्याला सांगा. तो माझ्याशी बोलत नाही.”

आणि त्यांनी सांगितलं. तेरा तारखेला संध्याकाळी साडेआठला मुलाचा फोन आला होता. बाबांना दे म्हणाला. ते नुकतेच झोपले होते, दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. आजी म्हणाल्या, झोपलेत रे, उठवत नाही, उद्या बोल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कळवावं लागलं की बाबा गेले. त्याला रजा मिळाली नाही. दोन महिन्यांनी कुठल्याशा कामासाठी त्याने कागद काढला, तर त्यावर तेरा.

“म्हणजे मी ‘झोपलेत’ म्हणाले तेव्हा ते गेलेले होते, असं त्याने धरलंय. मला म्हणाला, आई, तू मेलेल्या माणसाला झोपलाय म्हणालीस. त्यानंतर माझा फोनच उचलत नाही. तीन महिने झाले.”

“पण तुमच्या शब्दापेक्षा कागदावर विश्वास?”

आजींनी पदर सारखा केला. “त्याची बारावीची परीक्षा होती तेव्हा त्याचे आजोबा गेले. मी चार दिवस लपवलं. शेवटचा पेपर देऊन आला तेव्हा सांगितलं. तेव्हापासून माझी पत गेलीये बघा. आता मी खरं बोलले तरी त्याला खरं वाटत नाही.”

ताईंना वाटलं, आपण हे ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. चूक नुसती चूक असते तोवर दुरुस्त करता येते. तिला माणसं चिकटली की झोप उडते.

त्या उठून साहेबांच्या काचेच्या खोलीत गेल्या आणि काय झालं ते सांगितलं. साहेब वयाने पंधरा वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता, पण अंगावर काही यायला लागलं की आधी दार बघायचा.

“साधं आहे की ताई. ह्यांची तारीख एक दिवस पुढे ढकला. पंधरा करा. तिकडे चौदा दिसेल.”

“आणि इकडे पंधरा दिसेल.”

“इकडे कोण बघतंय?”

“त्यांची बायको बघतेय. बाहेर बसलीये.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “मग शांतपणे दुरुस्त करा. पण लेखी काही द्यायचं नाही. ‘तांत्रिक कारणामुळे’ एवढंच म्हणा. असे किती कागद असतील?”

ताईंनी ते बघूनच ठेवलं होतं. “परदेशातून उघडलेले एकोणीसशे बारा.”

साहेबांची पाचावर धारण बसली. “बाप रे. मग तर तोंडच उघडू नका. दोन वर्षांत निवृत्त होताय, कशाला नाव खराब करून घेता?”

“नाव आहेच तिथे साहेब. अकरा वर्षं आहे,” असं म्हणून ताई बाहेर आल्या.

त्यांनी आजींकडून मुलाचा नंबर घेतला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजले होते. म्हणजे तिकडे सकाळचे सव्वासात. माणूस उठलेला असेल, कामाला निघालेला नसेल. त्यांनी ऑफिसच्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. आजींनी दोन्ही हात मांडीवर गच्च धरले होते.

अनोळखी नंबर म्हणून त्याने उचलला. ताईंनी आपण कोण ते सांगितलं, मग म्हणाल्या, “तुमच्या वडिलांच्या कागदावर तेरा तारीख आली ती चुकीची आहे. तुमच्या आईंनी तुम्हाला खोटं सांगितलं नव्हतं. खोटं मी लिहिलं होतं.”

पलीकडून कोरडा आवाज आला. “आईने सांगितलं का तुम्हाला असं बोलायला?”

ताईंना राग आला नाही. कागदावर विश्वास ठेवणाऱ्याला कागदानेच पटवावं लागतं. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. कॉम्प्युटर जवळ आहे? तोच कागद उघडा. आता कॉम्प्युटरच्या घड्याळात जा आणि तुमच्या देशाची वेळ काढून इकडची लावा. लावली? आता पान परत उघडा.”

बटणांचा आवाज येत राहिला. खुर्ची करकरली.

“चौदा झाली,” तो म्हणाला.

“आता परत तुमची वेळ लावा.”

“तेरा,” तो म्हणाला. त्याने पुन्हा इकडची लावली असावी, कारण थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्यासारखा आवाज आला, “चौदा.”

“तुम्ही कुठे बसून बघताय त्यावर ती बदलते, ही माझी चूक. माणूस जिथे गेला तिथलीच तारीख खरी. हे मी अकरा वर्षांपूर्वी करायला हवं होतं, केलं नाही. मला माफ करा. तुमच्या आई इथे आहेत.”

“आई?”

“हो रे,” आजी फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाल्या. साडेआठ तासांचं अंतर ओलांडायला आवाज चढवावा लागतो असं त्यांना अजून वाटत होतं.

“मग तेव्हा ते खरंच झोपले होते?”

“झोपलेच होते रे. घोरत होते. तुला ऐकू यावं म्हणून मी फोन जरा तिकडे धरलासुद्धा होता. तू म्हणालास, काहीतरी खरखर येतेय.”

पलीकडे तो रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज दाबून, मध्येच खोकून. ताईंनी स्पीकर बंद केला, रिसीव्हर आजींच्या हातात दिला आणि पाठ वळवली. तरी एक वाक्य कानावर आलंच, आजींचं. “उठवायला हवं होतं मी. रोज वाटतं मला. पण इतक्या दिवसांनी डोळा लागला होता रे त्यांचा.”

ताई पलीकडच्या टेबलावर जाऊन बसल्या आणि फाईलमधली ती ओळ त्यांनी दुरुस्त केली. फार नव्हतं, चार ओळींचं काम. खालची ‘नंतर बघू’ पुसली. मग रुग्णालयाला पत्र लिहायला घेतलं, एकोणीसशे बारा घरांना खरी तारीख कळवण्यासाठी, आणि ‘तांत्रिक कारणामुळे’ न लिहिता ‘माझ्या चुकीमुळे’ लिहिलं. साहेब काचेतून बघत होते. त्यांनी हाक मारली नाही.

वीस मिनिटांनी आजींनी रिसीव्हर जागेवर ठेवला. डोळे पुसले, दोन्ही कागद उचलले; तेरावाला चार घड्या करून टेबलाखालच्या टोपलीत टाकला, चौदावाला पिशवीत.

“रविवारी फोन करतो म्हणालाय,” त्या म्हणाल्या. “का हो, त्याच्या रविवारी का आपल्या?”

बावीस वर्षं ताई ह्याच प्रश्नाची उत्तरं लिहीत होत्या. “ते त्यांनाच विचारायला हवं होतं आजी. त्यांचा रविवार आपल्यापेक्षा उशिरा सुरू होतो आणि आपला सोमवार उजाडला तरी संपत नाही.”

आजींनी बोटांवर काहीतरी मोजलं, मग मोजणं सोडून दिलं.

“मग सोमवारी सकाळपर्यंत फोनजवळ बसते,” म्हणाल्या आणि जिन्याकडे निघाल्या.