डोंगराच्या पलीकडचं मैदान

नवरा गेल्यापासून भूगोलाच्या बाई घरात रेडिओ लावून ठेवत. कोणीतरी बोलतंय एवढंच पुरे असे. रेडिओ फारच बोलायला लागला की बंद करत, आणि मग शांतता अंगावर यायची.

अशाच एका दुपारी त्या पाय मोकळे करायला म्हणून संग्रहालयात गेल्या. तिथली जुनी छायाचित्रं लावायचं काम त्यांच्या एका विद्यार्थिनीकडे होतं. आवाज असा चिरका, की वर्गात सगळे तिला टिटवी म्हणत. आता चांगली चाळिशीची बाई झाली होती, पण आवाज तोच.

"बाई, तुम्ही! बरं झालं आलात. हे मैदान कुठलं ते कोणाला म्हणजे कोणाला सांगता येईना."

छायाचित्रात फुटबॉलचा सामना रंगात आला होता. गोलरक्षक हवेत आडवा झालेला, बाजूला माणसांची दाटी, मागे दोन शिखरांचा डोंगर. बाईंची नजर मात्र डाव्या कडेला खिळली. तिथे एक खेळाडू पाठमोरा उभा होता. उजवा हात कमरेवर, मान जराशी कललेली.

भाजी शिजेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात नवरा अगदी अस्साच उभा राहायचा.

तरुणपणी तो सूतगिरणीच्या संघातून खेळायचा. अर्ध्या मैदानातून मारलेल्या एका गोलची गोष्ट त्याने आयुष्यभर सांगितली, आणि दर वेळी ते अंतर थोडं वाढत गेलं. "आता तो चेंडू गावाबाहेरून निघेल," असं म्हणून बाई हसायच्या. त्या दिवसांचं एकही छायाचित्र घरात नव्हतं.

"हे गिरणीचं मैदान आहे," बाई म्हणाल्या. "आणि हे... आमचे हे आहेत."

टिटवीने त्यांचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी दोघी छायाचित्राची प्रत घेऊन गिरणीमागे गेल्या. मैदानाच्या जागी आता शीतगृह होतं. मालट्रक मागे घेताना टूं टूं वाजत होते. दोघी भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि डोंगराकडे बघू लागल्या. शिखरं तीच होती. पण छायाचित्रात उंच शिखर डावीकडे होतं, इथून ते उजवीकडे दिसत होतं.

बाईंचा चेहरा पडला. टिटवी घाईने म्हणाली, "अहो, निगेटिव्हची काच उलटी धरून छापलं असेल. जुन्या छायाचित्रांत होतं असं कितीदा. मी उद्याच पाटी लावते."

त्या संध्याकाळी बाईंनी मुलाला फोन केला. तो परदेशी. "बाबा आहेत ना त्यात? मग झालं तर," तो म्हणाला. "आई, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?" बाई बरं म्हणाल्या. प्रत त्यांनी जेवणाच्या टेबलावर, समोरच्या खुर्चीपुढे, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

सकाळी भिंग घेऊन बसल्या त्या खरं तर त्या मानेकडे बघायला. तिथून नजर सहज गर्दीकडे सरकली. पुढच्या रांगेत एक माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून हसत होता. शर्टाला एकच खिसा, त्याच्या डाव्या छातीवर. शेजारच्याचाही खिसा डावीकडेच. त्याच्या पलीकडच्याचाही.

म्हणजे छायाचित्र उलटं नव्हतं. डोंगरच पलीकडून काढलेला होता.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. गप्प बसलं तर कोणाचं काय बिघडणार होतं? खिसे मोजायला कोण बसलंय? त्या ओट्यापाशी गेल्या, धुतलेलं भांडं पुन्हा धुतलं. "आयुष्यभर पोरांना दिशा शिकवल्या," त्या मोठ्याने म्हणाल्या. घरात दुसरं कोणी नव्हतंच ऐकायला. मग पर्स उचलली आणि डोंगरापलीकडे जाणारी बस पकडली.

शेवटच्या थांब्याजवळ चामड्याचा बंद कारखाना होता, आणि त्यामागे गवत माजलेली मोकळी जागा. बाई प्रत हातात धरून मागे मागे सरकत राहिल्या. एका ठिकाणी दोन्ही शिखरं नीट जागेवर बसली. उंच शिखर डावीकडे. मनातली धुगधुगी होती तीही विझली.

समोर एक न्हाव्याचं दुकान होतं. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आला.

"काय शोधताय, मावशी?"

बाईंनी प्रत पुढे केली. त्याने हात पुसले, प्रत उजेडात धरली आणि एकदम ओरडला, "अरे, हा तर आमचा बाप! हा उडालेला! कारखान्याचा गोली होता तो!"

"आणि हा कडेचा?" बाईंनी विचारलं.

"हा होय? कातडी रंगवायला होता. लंगडीकाका म्हणायचो आम्ही. खेळताना पाय दुखायचा ना, म्हणून मधेच असा कमरेवर हात ठेवून उभा राहायचा." त्याने बाईंकडे पाहिलं. "तुमच्या ओळखीचा होता?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वाटलं होतं तसं."

टिटवीला त्यांनी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती तिच्या मानाने फार हळू आवाजात म्हणाली, "बाई, नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

"तुला चाललं असतं गं. मला त्या लंगडीकाकाशी रोज काय बोलता आलं असतं?"

पुढच्या रविवारी न्हावी अख्खं खटलं घेऊन संग्रहालयात आला. बायको, सुना, नातवंडं, काठी टेकत आलेली आत्या. आत्या काचेवरून भावाच्या चेहऱ्यावर बोट फिरवत राहिली. रखवालदाराने तिला हटकलं नाही. सगळे छायाचित्रापुढे दाटीवाटीने उभे राहिले आणि धाकट्या सुनेने बाकावर बसलेल्या बाईंच्या हातात आपला फोन दिला.

"मावशी, आमचा एक काढता? सगळे आले पाहिजेत हं."

बाई उठल्या. सगळे मावेनात, म्हणून एकेक पाऊल मागे सरकत राहिल्या, पाठ समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत. "आत्याबाई, जरा डावीकडे," त्या म्हणाल्या. "हां, आता हलू नका कोणी."