तेरावं चाक

अलेक्झांड्रियातल्या आपल्या घड्याळाच्या दुकानात शौकींनी चामड्याच्या पट्ट्याला अर्धा पीळ देऊन त्याचं कडं केलं होतं आणि त्यावर तेरा दातेरी चाकं एकमेकांत अडकवून बसवली होती.

"बाबा, शेजारची चाकं उलट दिशांनी फिरतात. विषम झाली की कडं अडतं," इनास म्हणाली. गणितात डॉक्टरेट केलेली ती कैरोत शिकवायची.

"सपाट कडं अडेल, डॉक्टरीणबाई. इथे पीळच दिशा उलटवतो. चहा पी आणि फिरवून बघ."

तिने बघितलं नाही. ते दुपारच्या नमाजाला गेल्यावर, त्यांची फजिती नको म्हणून तिने एक चाक काढून पर्समध्ये टाकलं, पट्टा एका भोकाने आवळला आणि कैरोची गाडी पकडली.

दुसऱ्या सकाळी ते वारले.

"संध्याकाळभर ते कडं घेऊन बसला होता," शेजारचा न्हावी सांगत होता. "अडतंय म्हणाला. मी म्हटलं, चाकं मोज. तर म्हणे, माझ्या पोरीने मोजलीत."

चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याचे पाहुणे पांगल्यावर इनासने तेरावं चाक परत बसवलं. बोट लागताच सगळी चाकं सुरळीत फिरली.

रिकाम्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर होतं. चाक मी काढलं होतं."