घरी पडलं म्हणायचं

पासली गावचे गडी जत्रेत पालखी खांद्यावर नाचवतात. वेल्ह्याजवळ कुंडलिकमामांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लोखंडही ते खांद्यावरच उचलतात. छताला जड लोखंड उचलायची चेनपुली टांगलेली आहे, पण तिच्यावर धूळ साचलीय. कुणी पुली मागितली की "बाईमाणूस हायेस व्हय?" एवढं विचारलं जातं, आणि तो गडी मुकाट्यानं खांदा देतो. असल्या मर्दुमकीचं आपल्याला भारी कौतुक!

त्या सकाळी पानशेतच्या एका बंगल्याचं फाटक टेम्पोत चढवायचं होतं. चौघांनी आरोळी देऊन ते उचललं. एकाचा पाय घसरला आणि फाटक चौघांतल्याच धनाजीच्या पावलावर आलं.

मामा काही दुष्ट नव्हते. त्यांनीच धनाजीला टेम्पोत घातलं, त्याच्या बायकोला, मंगलला, सोबत घेतलं. मंगल त्यांची सख्खी भाची. भोरच्या वाटेवर ते हळूच म्हणाले, "पोरी, घरी गोठ्याचं आढं पडलं म्हणायचं. न्हाईतर शेड बंद पडंल. आपल्या घरातलीच गोष्ट हाय."

मंगलला हे नवीन नव्हतं. गेल्या वर्षी शेडमधल्या ज्ञानूची बोटं गर्डरखाली चिरडली, तेव्हा 'बांध घालताना दगडाखाली गेली' असं सगळं गाव म्हणालं होतं. तीही म्हणाली होती, न अडखळता.

दवाखान्यात डॉक्टर सौदामिनीबाईंनी विचारलं, "कशानं झालं?"

"गोठ्याचं आढं पडलं," धनाजीच डोळे मिटून बोलला.

बाईंनी पाऊल पुसलं. रक्ताबरोबर कापसाला लोखंडाला लावतात तो तांबडा रंगही आला. "आढ्याला कधीपासून रंग द्यायला लागलात? खरं सांगा. पाय वाचेल की नाही, मलाच सांगता येत नाहीये."

धनाजीला धरून आणणारा ज्ञानू दाराशी उभा होता, उजवा हात खिशात घालून. मंगलची नजर त्या खिशावर गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फाटक पडलं, बाई. मामांच्या शेडमधी. पुली हाय, पर वापरत न्हाईत."

"मंगल, आपल्याच माणसाला तोंडघशी पाडतीस?" मामा म्हणाले.

"आपलंच म्हणून तर गप ऱ्हायले, मामा. ज्ञानूभाऊंच्या येळंला म्या बी खोटंच सांगितलं. तवा बोलले असते, तर आज ह्यांचा पाय धड असता."

ज्ञानू पुढं आला. खिशातला हात काढून त्यानं बाईंच्या टेबलावर ठेवला. "ह्यो बी शेडमधलाच हाय, बाई."

तो रोज समोरून जायचा. पण मंगलनं त्याचा हात आज पहिल्यांदा नीट पाहिला.