चौकटीबाहेरचे हात

जाहिरात संस्थेच्या त्या कार्यालयात 'समावेशकता' हा शब्द वातानुकूलन यंत्रासारखा आला: आधी मोठ्या साहेबांच्या खोलीत, मग सभागृहात, आणि उरलाच तर बाकीच्यांसाठी. वर्षभरात त्या शब्दावर तीन व्याख्याने झाली आणि भिंतीवर एक फलक लागला. त्या फलकाखाली बसून या गोष्टीतली भाची इन्फ्लुएन्सरांच्या याद्या करत राहिली. कोणत्या मालाला कोणता चेहरा, हे सुचवणे हेच तिचे काम. बारा चेहरे निवडावेत, तर बाराही एकाच साच्यातून काढलेल्या वड्यांसारखे निघत. म्हणून शिवणयंत्राच्या 'सगळ्यांसाठी' या मोहिमेत तिने आपल्या सख्ख्या मावशीचे नाव घातले, आणि ते मंजूर झाले तेव्हा स्वच्छतागृहात जाऊन दोन उड्या मारल्या.

मावशी जन्मापासून बहिरी, पेशाने कपडे शिवणारी. तिचे व्हिडिओ चाळीस हजार माणसे पाहत, आणि त्यांतली बहुतेक तिच्यासारखीच बहिरी होती. व्हिडिओत आवाज नसे. मावशी हातांच्या खुणांनी बोले. कात्री असो वा दोरा, तिने चांगले म्हटले की लोक डोळे मिटून घेत, कारण वाईटाला वाईट म्हणताना तिचे हात कधी अडखळले नव्हते. तिच्यापाशी दुसरी इस्टेट नव्हती.

चित्रफीत संध्याकाळी पाचला प्रसारित व्हायची होती. अडीच वाजता संकलकाने ती भाचीला दाखवली.

पडद्यावर मावशीचा चेहरा होता. नुसता चेहरा: हसरा, सोनेरी उजेडात न्हालेला. मागे बासरी, आणि कुणा भाडोत्री बाईचा मधाळ आवाज: "इतकं सोपं, की हात लावताच जमतं!"

"हात कुठे गेले?" भाचीने विचारले.

"कापले. फ्रेममध्ये सारखे नाचत होते हो. चेहऱ्यावर लक्षच राहत नव्हतं."

"ते नाचत नव्हते. ती बोलत होती."

संकलक 'हं' म्हणाला. एवढ्या विद्वत्तापूर्ण उद्गारानंतर चर्चा संपायची, पण शेवटी चार सेकंद मावशी पूर्ण दिसली, हातांसकट. आवाज म्हणत होता, "घ्याच!" हात म्हणत होते, "जाड कापडावर हे अडकतं. इतक्यात घेऊ नका."

भाची संकलकाकडे वळली. "हे 'सोपं' तुम्ही आणलंत कुठून?"

संकलकाने एक कागद पुढे केला. चित्रीकरणाच्या दिवशी मावशीच्या खुणांचे भाषांतर करून दिलेला तो कागद भाचीच्याच अक्षरात होता. तिथे लिहिले होते: 'जाड कापडाला थोडी सवय लागेल, मग सोपं जाईल.'

कोणी लबाडी केली नव्हती. भाचीने फक्त तेच केले होते, जे ती वयाच्या आठव्या वर्षापासून करत आली होती. डॉक्टर, घरमालक, शाळेच्या बाई, सगळ्यांसमोर मावशीचे शब्द ती आधी कानस लावून गुळगुळीत करी आणि मग पुढे देई. घरात सगळे म्हणत, पोर किती गुणाची. मावशीच्या तोंडी परक्याचे शब्द घालणाऱ्या उद्योगाला कच्चा माल तिनेच घरपोच केला होता.

साहेबांनी आपल्या खोलीत भाचीचे सगळे ऐकून घेतले आणि उपाय सांगितला. तो त्यांच्या दृष्टीने अत्यंत मानवतावादी होता. "ते चार सेकंदही काढून टाक. हातच नाहीत, तर भानगडच नाही."

"साहेब, ती बहिरी आहे. हात काढले तर राहिलं काय?"

"भावना राहते ना! अगं, कुणाला कळणार आहे?"

खरेच, हात काय म्हणाले होते ते कुणालाच कळले नसते. मावशीला बासरी ऐकू येणार नव्हती, तो मधाळ आवाजही नाही. भाची दारात क्षणभर थांबली. मग जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून तळमजल्यावरच्या चित्रीकरणाच्या खोलीत गेली. मावशी नवी साडी नेसून पाच वाजण्याची वाट पाहत बसली होती. समोर ते शिवणयंत्र होते, आणि शेजारी ते घडवणाऱ्या कारखान्याची अभियंता बाई चहा पीत होती.

भाचीने सगळे खुणांनी सांगितले, एकदा घाईत, मग सावकाश.

मावशीचा चेहरा दगडासारखा झाला. मग हात उसळले. "लहानपणापासून? सगळीकडे?"

"सगळीकडे."

"कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी चोर म्हटलं होतं!"

"मी त्याला सांगितलं, मावशीला भाव जरा जास्त वाटतोय."

"तरीच मेला मला बघून हसतो! आणि तुझ्या मामंजींना?"

"ते... विचारू नकोस, मावशी."

मागोमाग साहेब धापा टाकत खाली आले. मावशीचे हात आता त्यांच्यावर उसळले. अभियंता बाईने कप खाली ठेवला. "काय म्हणताहेत या?"

"आनंद व्यक्त करताहेत," साहेब म्हणाले.

"नाही," भाची म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने कानस बाजूला ठेवली. "ती म्हणते, तुमचं यंत्र जाड कापडावर अडकतं. हे तिने चित्रीकरणाच्या दिवशीच सांगितलं होतं. मी ते गोड करून लिहिलं. आणि ती म्हणते, तिच्या हातांना कात्री लावणाऱ्याला तिच्यासमोर उभं करा."

साहेबांनी डोळे मिटले. अभियंता बाईचे मात्र लकाकले. "अडकतं? नेमकं कुठे?"

भाचीने प्रश्न खुणांनी पुढे केला. मावशीने जीनची जुनी विजार उचलली, दुमड घातली आणि यंत्र सुरू केले. मग अभियंता बाईचा हात धरून यंत्राच्या अंगावर सपाट ठेवला. सुई धावू लागली. जाड शिवणीचा उंचवटा जवळ येताच मावशीने बोट उचलले: आता. अजून एक टाका. खट्! यंत्र अडले, दोरा तुटला.

"पुन्हा!" अभियंता बाई जवळजवळ ओरडली.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने स्वतःच बोट उचलले, मावशीच्या बरोबर, अडण्याच्या एक टाका आधी. "धक्का बसतो! आधी बारीक धक्का बसतो! कापड दाबून धरणारा पायच मागे कलतोय! अहो, वर्षभर लोक लिहिताहेत, दोरा तुटतो, दोरा तुटतो, आणि आम्ही मूर्खासारखे दोरा बदलत बसलो! मोटारीच्या आवाजावरच कान लावून बसलो होतो सगळे!" तिने मावशीचे दोन्ही हात धरून असे हलवले, की मावशीला क्षणभर बोलताच येईना.

"छान," साहेब म्हणाले, "पण पाच वाजता मी दाखवू काय?"

"हेच," अभियंता बाई म्हणाली. "थेट."

"हात दाखवून अवलक्षण! बाई, पैसे देऊन स्वतःच्या मालाचा दोष कोण सांगतं?"

"लोक शोधून काढतील तो आमचा दोष. आम्ही सांगितला तर ते आमचं काम."

मावशीने अटी घातल्या. हात पूर्ण दिसतील. दोष आधी. ही जाहिरात आहे, हे पडद्यावर शेवटपर्यंत ठळक राहील. आणि खाली मजकूर उमटेल तो तिचा असेल, मधाचा नसेल. भाचीने एकेक अट जशीच्या तशी ऐकवली आणि ऐकवता ऐकवता तिचा आवाज चढत गेला.

पाचला पाच कमी. सवयीने छायाचित्रकाराने कॅमेरा मावशीच्या चेहऱ्यावर नेला.

"मागे!" भाची म्हणाली. "अजून मागे! कोपरं दिसली पाहिजेत!"

त्याची पाठ भिंतीला टेकली. संकलक खाली येऊन मजकूर टंकायला बसला. त्याची बोटे आता खरेच नाचत होती. लाल दिवा लागला. मावशीने आधी यंत्र अडकवून दाखवले, मग का अडकते ते सांगितले, मग पातळ कापडावर सरळ, देखणी शिवण घातली आणि तिची मनापासून तारीफही केली. भाची आवाज देत होती, धावत्याला गाठावे तशी. पडद्याच्या कडेने प्रश्नांचा लोंढा सुरू झाला. बहिरे होते, ऐकू येणारे होते. एका हाताने शिवणारी एक बाई विचारत होती, दोरा ओवायची खिटी डावीकडे देता येईल का? अभियंता बाई जमिनीवर फतकल मारून भराभर लिहून घेत होती.

"आजवर कुणी विचारलंच नव्हतं यांना," ती पुटपुटली. ते वाक्य साहेबांनी ऐकले की नाही, कळले नाही; ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

मग एक प्रश्न आला, आणि त्याच्यामागे तोच शंभरदा: मग घ्यावं की नाही?

मावशीने यंत्राकडे पाहिले, मग अभियंता बाईकडे. एकाच वेळी ती बाई मान डोलावत होती आणि ओठ चावत होती. मावशीचे हात सावकाश वर आले.

"आज नाही," भाची म्हणाली.

साहेब मटकन खुर्चीत बसले. हात अजून बोलत होते.

"पाय बदलून आणा. मी पुन्हा जीन शिवून बघेन. चाललं तर याच जागी बसून सांगेन, घ्या. नाही चाललं, तर तेही सांगेन."

भाचीने वाक्य तिथेच संपवले. त्याच्या शेवटी तिने 'कृपया' जोडले नाही.