ओंडका सरकवायचा राहिला

जुडा घरात शिरला की पाणीबिणी मागायच्या आधी चुका काढायचा, ही हेप्झिबाबाईंची जुनी तक्रार. मुंबईला कचेरीत चिकटला तेव्हा त्याला घरातल्या माश्या दिसायला लागल्या. आता भायखळ्याला कुठल्याशा वर्गाला जाऊन यहुदी धर्मशास्त्र शिकत होता, तर एखाद्या शुक्रवारी पनवेलला एसटीतून उतरून घरी आल्यावर बूट काढेपर्यंतही त्याला दम निघत नसे. आई, हे भांडं वेगळं ठेवायचं. आई, शब्बाथचा दिवा अजून लवकर लावायचा. आई, असं चालत नाही.

"माझ्या सासऱ्याच्या सात पिढ्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवला," बाई म्हणायच्या. "लोकांनी शनवार तेली म्हणून नाव ठेवलं तरी बंद ठेवला. तेव्हा तुझं पुस्तक कुठल्या छापखान्यात होतं रे?"

यावर जुडा नुसता हसे. तीच तर पंचाईत. ओरडणाऱ्याशी भांडता येतं. गोड बोलून बरोबर असणाऱ्याचं काय करायचं?

घर बाजारापासून लांब, डोंगराच्या अंगाला. पुढं ओटी, ओटीपुढं अंगण, अंगणाला करवंदीचं कुंपण आणि कुंपणापलीकडं ओढा. नवरा, सॅमसन, गेल्यापासून त्या घरात दोनच जीव, बाई आणि वजीर कुत्रा. वजीर सॅमसननं पेन्शनीत निघाल्यावर कोटाच्या खिशातून आणलेला. पिल्लू खिशात मावलं तेवढंच. पुढं घोड्यासारखं वाढलं आणि आता म्हातारंही झालं. बाई दिवसभर त्याला शिव्या घालीत आणि तो मान खाली घालून ऐके. इतकं ऐकून घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

दिवाळीपासून बिबट्या फिरत होता. त्या बाजूचे लोक त्याला वाघच म्हणत. पलीकडच्या वाडीतून त्यानं शेळ्या नेल्या, आणि कुत्र्यांवर तर त्याचा डोळाच. बाईंनी लोहाराकडून खिळ्यांचा पट्टा करवून वजीरच्या गळ्यात घातला. वाघानं नरडं धरलं तर त्याच्याच तोंडात खिळे जावेत. पट्ट्यानं मान सोलली. सोललेल्या जागी गोचिडी बसल्या, चिंचोक्याएवढ्या फुगल्या. बाई रोज उन्हात बसून त्या उपटीत, रॉकेलच्या वाटीत टाकीत आणि जखमेला करंजाचं तेल चोपडीत. पट्टा काढावाच लागला.

त्यातच लेक तमार बाळंतपणाला आली. एक दिवस बाळाच्या दुपट्यावर गोचीड सापडली आणि तमारनं रडून घर डोक्यावर घेतलं. बाईंनी स्वतःच वजीरला ओटीवर काढलं, खांबाला दोरीनं बांधलं आणि त्याच्यासमोर अंगणात चिंचेच्या दोन जाड ओंडक्यांची शेकोटी घालायला सुरुवात केली. जाळ असला की वाघ जवळ येत नाही.

त्या शेकोटीची एक खोड होती. ओंडके जळत आले की त्यांची टोकं एकमेकांपासून लांब जात आणि जाळ बसे. मग कुणीतरी ते पायानं पुढं सरकवायचे, की पुन्हा भडका. इतर दिवशी हे बाई करीत. शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ लागे, मग शनिवारचा दिवस बुडेपर्यंत त्यांना विस्तवाला हात लावायचा नसे. त्या दिवशी भगवान करी. भगवान शेजारच्या वाडीतला आगरी. शेतावरून परत जाताना अंगणात शिरे, न सांगता ओंडके सरकवी, जरा बसून विडी ओढी आणि फडक्यात बांधलेल्या घाऱ्या घेऊन जाई. बाईंनी त्याला कधी 'कर' म्हटलं नव्हतं, त्यानं कधी 'करू का' विचारलं नव्हतं.

शेकोटी सुरू झाल्यापासून जुडा पहिल्यांदा घरी आला तो त्या शुक्रवारी, तोही लवकर. ऊन असतानाच त्यानं स्वतः लाकडं रचली, शेकोटी पेटवली, वजीरचं डोकं खाजवलं. दिवा लागला, प्रार्थना झाली, मनुकांच्या सरबताचा पेला फिरला. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात अंगणात भगवान आला आणि ओंडक्याला पाय लावायला पुढं झाला.

"भगवानदादा, नको," जुडा ओटीवरून म्हणाला. "रागावू नका. आज आम्हाला हे करता येत नाही, तसं दुसऱ्याकडून करवूनही घेता येत नाही."

"मला कोन बोलला करायला? मी आपला करतो."

"पण आमच्यासाठीच करता ना? मग ते आम्हीच केल्यासारखं."

भगवाननं बाईंकडं बघितलं. बाईंच्या हातात घाऱ्यांचं फडकं होतं. एक शब्द बोलायचा होता. पण शिकलेल्या पोराला परक्या माणसासमोर खाली पाडायचं? ते त्यांच्या जिभेला जमेना. त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

"बरा," भगवान म्हणाला. "तुमचा देव, तुमचा वार. कुत्र्याला जपा, बाय. वाग काल ओढ्याला पानी प्याला." आणि घाऱ्या न घेताच गेला.

जाळ बसत चालला. दोन्ही ओंडक्यांची टोकं लाल, मध्ये हातभर राख. बाई उंबऱ्यात बसून त्या हातभर राखेकडं बघत होत्या.

"जुडा, लांब गेले रे ओंडके."

"हो आई."

"पायानं सरकवले तर?"

"तेच झालं ना गं ते."

"जिवासाठी सगळं चालतं म्हणाला होतास मागं."

"माणसाच्या जिवासाठी."

"मग जा, त्याच्याशेजारी बस. म्हणजे झाला माणसाचा जीव."

बाई टोचून बोलल्या होत्या, पण जुडा खरंच उठला आणि खांबापाशी जाऊन बसला. वजीरनं त्याच्या मांडीवर हनुवटी टेकली. बाईंना बरं वाटलं आणि रागही आला. हे पोर धड वाईटसुद्धा नव्हतं.

दोघं बसून होते तोवर काही झालं नाही. पण अंधार दाटला, टोकं काळी पडू लागली, तसा वजीर उठून उभा राहिला. भुंकेना. नुसता कुंपणाकडं बघून अंग चोरायला लागला. बाईंनी मनाशी ठरवलं. मरो ती गोचीड. कुत्र्याला आत घ्यायचं आणि बाळाला आतल्या खोलीत हलवायचं.

"जुडा, ये जरा. पाळणा उचलू लाग. तमारला जोर करायचा नाही."

जुडा आत आला. लाकडी पाळणा जड, दार अरुंद. बाळ जागं झालं. "हळू, दादा, हळू," तमार म्हणाली. पाळणा दारात आडवा अडकला होता तेवढ्यात बाहेर खांब करकरला. भुंकणं नाही, गुरगुर नाही. दोरी ताणली गेली आणि तुटली. मग एकदाच वजीर ओरडला. कुत्र्यासारखा नाही, लहान मुलासारखा.

जुडा धावला. ओटीवर खुंटीला कंदील होता, दिवसाउजेडी लावलेला. त्याचा हात वर गेला आणि कंदिलापाशी थांबला. आज पेटता दिवा हलवायचा नाही. क्षणभरच थांबला असेल. पण बाईंनी त्याच्यामागून ते बघितलं. तो थांबलेला हात आणि पलीकडचा अंधार. कुंपणामागं पाचोळा वाजला, ओढ्याच्या बाजूला सरकत गेला आणि मग वाजेनासा झाला.

"वजीर! ए वजीर!" बाईंनी हाका मारल्या. हाक मारायला कसलीच बंदी नव्हती, म्हणून पुष्कळ मारल्या.

त्या रात्री कुणी जेवलं नाही. सकाळी जुडा प्रार्थना म्हणायला बसला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बाईंनी त्याला थांबवलं नाही, की चहाच्या जागी ठेवलेलं सरबत पुढं केलं नाही. खांबाला दोरीचं शेपूट लोंबत होतं, ते सोडायलाही त्या उठल्या नाहीत.

ऊन वर आलं तेव्हा भगवान आला. खांद्यावर कुदळ. ओटी चढला नाही. कुंपणाच्या आत दोन पावलांवर उभा राहिला आणि बाईंशी नाही, जुडाशी बोलला.

"वढ्याच्या वरल्या अंगाला, जालीत हाय. अर्धाच हाय."

जुडानं मान डोलावली.

"माती देऊ का त्याला? का तेबी आज तुमाला चालत नाय? नाय तं थांबतो मी उद्यापरत. पन कोल्हं काय थांबाचं नाय."

तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. काल नको म्हटलेल्या माणसानं आज विचारूनच पाऊल टाकावं, तसा उभा होता. पुस्तकात याचं काय होतं ते जुडाला आठवत असेल किंवा नसेल. त्यानं आईकडं बघितलं.

"भगवान, जा तू," बाई म्हणाल्या. "दे त्याला माती. मी येते मागून."

भगवान वळला. बाईंनी उंबऱ्याला धरून अंग उचललं, पदर खोचला आणि लेकासमोर उभ्या राहिल्या.

"तू बरोबर होतास, जुडा. कालही आणि आजही. ओंडका मीही नाही सरकवला, त्याचं काय ते मी वर जाऊन बघेन. पण आपल्या पायानं माझ्या दारात येणारा माणूस आज माझ्याच अंगणात परवानगी मागतोय, ती मेलेल्याला माती द्यायची. हे तुझं काम. तुला नको म्हणायला शिकवलं, बाबा. ये म्हणायला कुणी शिकवलं नाही. अशानं तुझा शब्बाथ राहील, घर नाही राहायचं."